अनोळखी माणसाचं पांघरूण

दुकानातून नवंकोरं सुती कापड आणायचं. ते इस्त्री करून, चकतीच्या पात्याने कापून त्याचे अडीच-अडीच इंचांचे चौकोन पाडायचे, आणि मग महिनोन्‌महिने बसून तेच चौकोन एकमेकांना जोडून पुन्हा कापड तयार करायचं. गोधडीत वाढलेल्या मराठी माणसाच्या कानावर हा उद्योग घातला तर तो म्हणेल, सुखाचा जीव दुःखात घालायची ही कुठली हौस! आपल्याकडे लुगडं विरल्याशिवाय, धोतर फाटल्याशिवाय गोधडीत जात नाही. अमेरिकेत मात्र लाखो माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि त्यांतही कितीतरी साठी ओलांडलेल्या, हे काम छंद म्हणून करतात. त्यावर पैसा ओततात, मंडळं काढतात, प्रदर्शनं भरवतात. आणि एवढं सगळं करून झालेलं पांघरूण, ज्याचं नावगाव ठाऊक नाही अशा माणसाला देऊन टाकतात.

देणं हे छंदाच्या शेवटी लावलेलं पुण्याचं शेपूट वाटतं खरं. पण जवळून पाहिलं तर सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

या पांघरुणाला तिथे क्विल्ट म्हणतात. त्याचे थर तीन. वर जोडकामाचं कापड, मधे कापसाची किंवा पॉलिएस्टरची पातळ गादी, खाली अस्तर. जोडकामात शिवणीसाठी पाव इंच सोडतात. आपल्या सुतारकामातल्या मापाने दोन सूत. अडीच इंचांचा चौकोन शिवला की दोन इंचांचा उरतो. साठ बाय ऐंशी इंचांचं पांघरूण या मापाने करायचं तर तुकडे लागतात १,२००. रुंदीत तीस चौकोन, म्हणजे एकोणतीस शिवणी. शिवण अर्धं सूत आत गेली की दोन्ही बाजूंचं मिळून एक सूत कापड खाल्लं जातं. एकोणतीस शिवणींत साडेतीन इंचांहून जास्त. मग ही रांग तिच्या शेजारणीशी जुळत नाही, चौकोनांचे कोपरे एकमेकांना चुकवून जातात आणि बाई सुस्कारा टाकून टाके उसवायला घेते. पूर्वी पुठ्ठ्याचे साचे ठेवून, पेन्सिलने आखून कात्रीने एकेक तुकडा कापत. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये चकतीच्या पात्याचं कटर आणलं आणि कापडाचे चार-सहा थर एका फटक्यात कापायची सोय झाली. काम वेगात व्हायला लागलं. तसा अर्धवट कामांचा ढीगही वेगात वाढायला लागला.

कारण जोडकाम ही गमतीची पायरी. रंग निवडायचे, तुकडे भिंतीवर लावून लांबून बघायचे, या रांगेतला निळा त्या रांगेत सरकवायचा, यात माणूस रमतो. पुढचं काम हमालीचं. तीन थर जमिनीवर अंथरायचे, सुरकुती राहू न देता ताणायचे, गुडघ्यांवर रांगत शेकडो पिना टोचायच्या, आणि मग ते सगळं धूड घरगुती मशीनच्या टीचभर जागेतून ढकलत तिन्ही थर टाक्यांनी एकजीव करायचे. ज्यांना हे झेपत नाही त्या बाहेरून करून घेतात. दहा-बारा फुटांच्या चौकटीवर क्विल्ट ताणायचा आणि त्याच्यावरून रुळांवर फिरणारं 'लाँगआर्म' मशीन चालवायचं, हा तिथे चांगला चालणारा घरगुती धंदा आहे. मजुरी चौरस इंचावर असते. इंचाला नुसते दोन सेंट धरले तरी साठ बाय ऐंशीच्या क्विल्टचे ९६ डॉलर होतात. हा आकडा ऐकला की जोडकाम झालेलं कापड घडी होऊन कपाटात जातं. असल्या रखडलेल्या कामांना या मंडळींच्या बोलीत 'यूएफओ' म्हणतात, म्हणजे अनफिनिश्ड ऑब्जेक्ट. वर्षाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या यूएफओंची यादी करायची, या वर्षी अमुक इतके संपवीन असं मंडळात सगळ्यांसमोर जाहीर करायचं आणि चार दिवसांनी नव्या कापडाच्या सेलला जायचं, हा त्यांचा वार्षिक कुळाचार.

काठाच्या पट्टीपाशी तर भलेभले अडकतात. साठ बाय ऐंशीचा घेर होतो २८० इंच, तेवीस फुटांच्या वर. अडीच इंच रुंदीची पट्टी उभी दुमडायची, तिची उघडी कड क्विल्टच्या कडेला लावून मशीन मारायचं, घडीची बाजू मागे वळवायची आणि हाताने तुरपाई करत सुटायचं. कोपरा आला की पाव इंच आधी थांबायचं. दोरा तोडायचा, पट्टी वरच्या दिशेला दुमडायची, तशीच सरळ खाली आणायची, आणि कडेपासून पुन्हा शिवण धरायची. मागे वळवताना त्या दुमडीतून पंचेचाळीस अंशांची रेघ आपोआप उमटते. ती जमली की कोपरा धारदार दिसतो. नाही जमली तर तिथे बोंडुकलं तयार होतं. कोपरे चारच, पण प्रदर्शनातले परीक्षक पहिल्यांदा तिथेच बोट फिरवतात.

एवढं करून क्विल्ट संपला की नवा प्रश्न उभा राहतो: याचं करायचं काय? घरातल्या सगळ्या पलंगांवर एकेक झालेला असतो. मुलांना दिलेले असतात, नातवंडांना दिलेले असतात, भाचीच्या लग्नात दिलेला तिच्या कुत्र्याच्या अंगाखाली पाहून कानाला खडा लावलेला असतो. थोडक्यात, नातेवाईक संपतात. हौस संपत नाही. विकावा म्हटलं तर सामानाचेच शेदीडशे डॉलर सहज झालेले असतात, आणि मजुरी मोकळेपणाने लावली तर येईल ती किंमत गिऱ्हाईक देत नाही. दुकानात परदेशातून आलेले क्विल्ट त्याच्या कितीतरी कमी पैशांत मिळतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयानेच आपल्या संग्रहातल्या जुन्या अमेरिकन क्विल्टांच्या नकला चीनमध्ये बनवून विकायचा परवाना दिला, तेव्हा या शांत स्वभावाच्या आज्या निदर्शनं करायला रस्त्यावर उतरल्या होत्या. बाजारात ज्याला भाव नाही आणि घरात ज्याला जागा नाही, ते फुकटच द्यावं लागतं. यात नाइलाज आहेच. पण घेणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला, निदान रुग्णालयाचं नाव आणि तारीख जरी समोर आली, तरी तीन वर्षं कपाटात पडलेलं जोडकाम तीन आठवड्यांत संपतं. आपल्यासाठी शिवणारा माणूस स्वतःला मुदतवाढ देत राहतो.

अनोळख्याला पांघरूण शिवून द्यायची रीत अमेरिकेत जुनी आहे. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेकडच्या जखमी सैनिकांसाठी सॅनिटरी कमिशन नावाची संस्था उभी राहिली. गावोगावच्या बायकांकडून तिने पांघरुणं गोळा केली. घरचे क्विल्ट दुहेरी पलंगाच्या मापाचे. इस्पितळातल्या खाटेला ते रुंद व्हायचे, म्हणून बायकांनी मुद्दाम अरुंद शिवले. ते वापरून वापरून फाटले, काहींत माणसं पुरली गेली. त्यातले आज टिकून आहेत ते अगदी मोजके. पहिल्या महायुद्धात रेड क्रॉससाठी वेगळीच शक्कल निघाली. पांढऱ्या कापडावर आपलं नाव भरून घ्यायचं तर काही सेंट द्यायचे. शेकडो नावांचा क्विल्ट झाला की त्याचा लिलाव. एकाच पांघरुणावर दोनदा वर्गणी. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या बायकांनी शिवलेले क्विल्ट बाँबहल्ल्यांत घरं गेलेल्या ब्रिटिश कुटुंबांना बोटीने पोचले. मागे कॅनेडियन रेड क्रॉसची भेट असल्याचं सांगणारी छोटीशी कापडी चिठ्ठी. शिवणारीचं नाव बहुधा कुठेच नाही.

आजच्या देणाऱ्यांत सगळ्यांत प्रसिद्ध बहुधा 'प्रोजेक्ट लायनस'. १९९५ च्या नाताळात कॅरन लाउक्स या बाईंनी 'परेड' साप्ताहिकात एका चिमुरडीचा फोटो पाहिला. तिला ल्युकेमिया झालेला, आणि केमोथेरपीच्या दिवसांत तिला आधार होता तो तिच्या आवडत्या पांघरुणाचा. फोटो काढला होता एडी ॲडम्स यांनी. सायगावच्या रस्त्यावर एका कैद्याच्या डोक्यात गोळी घालतानाचा, पुढे पुलित्झर मिळालेला फोटो काढणारे तेच हे ॲडम्स. त्या भयानक फोटोने लोक युद्धाविरुद्ध पेटले होते. या फोटोने बायका सुई-दोरा घेऊन बसल्या. लाउक्स यांनी डेन्व्हरच्या बालकर्करोग केंद्राला पांघरुणं द्यायचं ठरवलं. त्याची साखळी देशभर पसरली आणि आजवर ऐंशी लाखांहून जास्त पांघरुणं मुलांच्या हाती पोचली. नाव घेतलं ते चार्ल्स शुल्झ यांच्या 'पीनट्स' चित्रमालिकेतल्या, पांघरूण क्षणभरही हातातून न सोडणाऱ्या पोराचं.

नियम मात्र कडक. पांघरूण नवं हवं, हाताने केलेलं हवं, मशीनमध्ये धुता यायला हवं. सिगारेटचा वास नको. मांजराचा केस नको. आत चुकून पिन राहिलेली तर मुळीच नको. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात छोटे क्विल्ट पेटीवरून घालतात. डोळ्यांवर उजेड येऊ नये, पोटातल्यासारखा अंधार राहावा, एवढंच त्यांचं काम. बाळाच्या अंगाला ते लागतही नाहीत.

इथे मराठी घरांचा संबंध येतो. न्यू जर्सीला मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईच्या बॅगेत डिंकाच्या लाडवांशेजारी मऊ सुती साड्यांची दुपटी असतात. तिकडे पोचल्यावर कळतं की पहिलं वर्षभर बाळाच्या पाळण्यात सैल पांघरूण ठेवूच नये, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. नाका-तोंडावर येऊन श्वास कोंडायची भीती. आजी हिरमुसते. चार दिवसांनी तेच दुपटं जमिनीवर अंथरून त्यावर जाग्या बाळाला पालथं ठेवायची तोड निघते.

दुपट्याला जो मान घरात आहे तो आजीच्या साडीमुळे. गोधडीचं सगळं मोल ती कुणाच्या कपड्यांची आहे यात असतं. हा तुकडा आत्याच्या परकराचा, हा आजोबांच्या बंडीचा, ही किनार आईच्या लग्नातल्या शालूची. तिच्यावर नाव लिहावं लागत नाही, कारण पांघरणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. त्यामुळेच ती घराबाहेर जात नाही. परक्याच्या अंगावर गेली तर ती नुसती चिंध्यांची होईल.

अमेरिकेतही अशा गोधड्या आहेत. अलाबामा नदीच्या वळणावरचं गीज बेंड हे गुलामांच्या वंशजांचं गाव. तिथे मिसूरी पेटवे या बाईंचा नवरा गेला. त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांचे, गुडघ्याशी विटलेल्या विजारींचे आणि घामाने पांढुरक्या पडलेल्या सदऱ्यांचे तुकडे घेऊन त्यांनी १९४२ मध्ये एक क्विल्ट केला. लेकीने त्यांना हातभार लावला. पांघरायला म्हणूनच केला. याच गावात आणि आसपास १९६६ मध्ये बायकांची शिवणाची सहकारी संस्था निघाली, २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने त्यांचे क्विल्ट भिंतीवर टांगले, २००६ मध्ये ते टपालाच्या तिकिटांवर आले. नवं कापड कापून शिवणाऱ्यांना तिथल्या वाकड्या रेषांनी वेड लावलं. मुद्दाम वाकडं शिवण्याचे वर्ग निघाले. गरिबीने आलेला वाकडेपणा फी भरून शिकायचा, ही गंमत अमेरिकेतच घडू शकते, किंवा पुण्यातही.

दान करायचा क्विल्ट गोधडीच्या अगदी उलट. त्यात ओळखीचं कापड नाही, घेणाऱ्याला माहीत असलेलं माणूस नाही. म्हणून तिथे चिठ्ठीला महत्त्व. लढाईवरून आलेल्या सैनिकांना क्विल्ट देणारी 'क्विल्ट्स ऑफ व्हॅलर' ही संस्था २००३ मध्ये कॅथरिन रॉबर्ट्स यांनी सुरू केली. त्यांचा मुलगा तेव्हा इराकमध्ये होता. आजवर तीन लाखांवर क्विल्ट दिले गेलेत. मागे चिठ्ठी शिवलेली हवी, तिच्यावर शिवणाऱ्यांची नावं हवीत, असा नियमच आहे. छोटा समारंभ करून दोघं-तिघं मिळून तो सैनिकाच्या खांद्यांभोवती गुंडाळतात. लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांचे आणि ताऱ्यांचे हे क्विल्ट एकामागून एक पाहताना कंटाळा येतो, हे सांगायला हरकत नाही. पण व्हिएतनामहून परतल्यावर ज्यांना कुणी 'ये' म्हटलं नव्हतं असे सत्तरीतले म्हातारे ते अंगावर घेऊन रडतात, तिथे कलासमीक्षा आवरती घ्यावी.

दुसऱ्या टोकाला आहेत लूथरन चर्चच्या तळघरांत जमणाऱ्या बायका. त्यांची पांघरुणं लूथरन वर्ल्ड रिलीफमार्फत परदेशी निर्वासितांना आणि आपद्‌ग्रस्तांना जातात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपसाठी सुरू झालेलं हे काम अजून थांबलेलं नाही. इथे सुबक टाक्यांचा बडेजाव नाही. जुनी चादर, पडदा, उरलेलं कापड, काहीही चालतं. माप तेवढं साठ बाय ऐंशी. तिन्ही थरांतून जाड दोरा वर-खाली ओवायचा आणि थोड्या थोड्या अंतरावर पक्की गाठ मारायची. लष्करी गणवेशाच्या छापाचं कापड नको म्हणतात, कारण घेणारा कदाचित त्याच कपड्यांपासून पळून आलेला असेल. हे पांघरूण म्हणून वापरलं जाईल, पोतं म्हणून पाठीवर बांधलं जाईल, तंबूच्या दाराला लावलं जाईल, हे शिवणाऱ्यांना ठाऊक असतं. प्रदर्शनात या क्विल्टाकडे कुणी ढुंकूनही पाहणार नाही, आणि तरी या सगळ्या प्रकारांत आपल्या गोधडीला सख्खा म्हणावा असा हाच.

कधी देणं एका माणसाच्या आवाक्यापलीकडचं असतं. जून २०१६ मध्ये ऑर्लँडोच्या पल्स नाइटक्लबमध्ये गोळीबारात ४९ जण मारले गेले. तिथल्या मॉडर्न क्विल्ट गिल्डने आवाहन केलं: इंद्रधनुष्याच्या रंगांतलं बदामाच्या आकाराचं जोडकाम पाठवा. जगभरातून खोकी यायला लागली. कुणी एकच तुकडा पाठवला, कुणी तुकडे जोडून दिले, कुणी फक्त काठ शिवले. हजाराहून जास्त क्विल्ट तयार होऊन वाचलेल्यांना, मृतांच्या घरच्यांना आणि मदतीला धावलेल्यांना मिळाले. कुठला बदाम कुणाचा, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. एड्सने गेलेल्यांसाठी क्लीव्ह जोन्स यांनी सुरू केलेल्या क्विल्टची गोष्ट याच्याही आधीची. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या मैदानावर तो पसरला तेव्हा त्यात १,९२० तुकडे होते. प्रत्येक तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे थडग्याच्या मापाचा. ते पांघरायचे नव्हतेच.

अलीकडे उलटा प्रवासही सुरू झाला आहे. आई वारते, कपाटात तिचं अर्धं जोडकाम सापडतं, मुलांना सुईत दोरा ओवता येत नाही. जेन सिमोनिक आणि मेसी कॅप्लन या मैत्रिणींनी २०२२ मध्ये 'लूज एंड्स' नावाचं काम उभं केलं: गेलेल्या किंवा हात थकलेल्या माणसांचं अपुरं विणकाम, भरतकाम, क्विल्ट पुरा करायला स्वयंसेवक गाठून द्यायचा, आणि झालेली वस्तू घरच्यांकडे परत. हे काम नवा क्विल्ट करण्यापेक्षा अवघड. दुसरीच्या टाक्याची लांबी पाहून आपला टाका तसा घालायचा, तिने निवडलेला तपकिरी रंग आवडला नाही तरी तोच वापरायचा, तिची तिरकी गेलेली रांग सरळ करायचा मोह आवरायचा. छंदातली सगळी मिरवण्याची हौस इथे गुंडाळून ठेवावी लागते.

मंडळांमधे सगळ्यांत जास्त भांडण होतं ते दानाला कुठलं कापड वापरायचं यावर. एक पक्ष म्हणतो, कपाटाच्या तळाशी पडलेलं, आपल्याला आता नकोसं झालेलं कापड संपवायची हीच संधी. दुसरा पक्ष म्हणतो, स्वतःच्या पलंगावर घालणार नाही ते दुसऱ्याच्या अंगावर कशाला? तत्त्व म्हणून दुसरा पक्ष बरोबर आहे. पण सत्तरच्या दशकातल्या केशरी फुलांचा, कुणाला नको झालेला तो तागा चर्चच्या तळघरात थंडीच्या दिवसांत उपयोगी पडतोच, आणि घेणाऱ्याला केशरी रंग आवडणारच नाही असं धरून चालणं हाही एक आगाऊपणाच.

हिशेबाची बाजू सरकारने स्वच्छ करून ठेवली आहे. अमेरिकेच्या प्राप्तिकराच्या नियमांप्रमाणे दान केलेल्या हातच्या वस्तूवर फार तर सामानाच्या खर्चाइतकी वजावट मिळते. कापड, कापूस आणि दोरा यांच्या पावत्या दाखवायच्या. शिवणारीच्या वेळाला किंमत नाही, दोनशे तास घालवलेले असोत की वीस. कायद्याने मिळते तेवढी वजावटही बऱ्याच जणी मागायच्या भानगडीत पडत नाहीत. पावत्या एकत्र लावल्या की वर्षभरात कापडावर एकूण किती गेले तो आकडा घरात सगळ्यांना दिसतो.